बुडता बुडता वाचलो, त्याला एकोणीस महिने झाले

अर्धा_कप | रविवार, रात्री ११.५२

नवीन सदस्य आहे, चूकभूल द्यावी घ्यावी. वय ४४. पुण्यात एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची विवरणपत्रं भरण्याचं काम करतो. शब्दांपेक्षा आकड्यांशी दोस्ती. निदान होती.

गेल्याच्या गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं (मी, बायको, तेव्हा आठ वर्षांची लेक) रत्नागिरी जिल्ह्यात गेलो होतो. खाडीच्या मुखाशी डॉल्फिन दाखवायला नेतात तशा एका फायबरच्या बोटीत नऊ जण होतो. मुखाशी वाळूचा दांडा आहे, ओहोटी लागली की तिथे लाटा फुटतात. कोणीतरी "तो बघा, तो बघा" म्हणालं, सगळे एका बाजूला सरकले, त्याच वेळी बोट लाटेला आडवी झाली. उलटली. मी जॅकेट घातलं होतं, पण बक्कल न लावता, उकडतं म्हणून. पाण्यात पडल्याबरोबर ते डोक्यावरून निघून गेलं. पोहता येतं मला, लहानपणी विहिरीत शिकलोय. पण वर बोट होती आणि पायात दोरी.

आठवतं ते एवढंच. हिरवट अंधार, तोंडात डिझेलची चव, आणि इंजिन अजून चालू असल्याचा आवाज.

बाकीचे आठही जण बचावले. मला काढायला किती वेळ लागला यावर एकमत नाही. बोटवाला म्हणतो दोन मिनिटं, किनाऱ्यावरचे म्हणतात पाच. श्वास नव्हता, नाडीही लागत नव्हती म्हणे. सहलीला आलेल्या एका नर्सबाईंनी तोंडाने श्वास दिला, छाती दाबली. नंतर जिल्ह्याच्या गावी चार दिवस व्हेंटिलेटर, न्यूमोनिया, अकराव्या दिवशी डिस्चार्ज. कार्डावर लिहिलंय, 'पूर्ण बरे होऊन घरी'.

आता गाऱ्हाणं. दोन जिने चढलो की धाप लागते. दमा झालाय म्हणून वर्षभर पंप ओढतोय, फरक शून्य. एसीत बसलो की ढास लागते. ऑफिसात एकाच पार्टीचं विवरणपत्र दोनदा तयार केलं. चार आकडी रक्कम एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर नेईपर्यंत डोक्यातून गळून जाते. माणसाचं नाव जिभेवर येऊन अडतं. हातात कप घेतला की तो एकदम झटका खातो, बशी वाजते, म्हणून मी चहा अर्धा कपच घेतो (आयडीचं रहस्य). हात मांडीवर असला की काही नाही, कप ओठांकडे न्यायला लागलो की सुरू. रात्री तीनला जाग. आंघोळीला डोक्यावरून तांब्या ओतवत नाही, मान वाकवून केस धुतो, तेही दार उघडं ठेवून.

एमआरआय नॉर्मल. छातीचा एक्सरे नॉर्मल. सगळे म्हणतात, देवाने वाचवलं, आता काय?

हे पाण्यामुळे आहे की माझ्या मनाचे खेळ? कोणाला अनुभव आहे का?

---

सदाफुली | रविवार, रात्री ११.५८

बापरे. वाचून अंगावर काटा आला. वाचलात हेच खूप. त्या नर्सताईंना साष्टांग नमस्कार. काळजी घ्या.

---

रोखठोक_राव | सोमवार, सकाळी ६.२०

रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणजे तुम्ही नॉर्मल आहात. चाळिशीनंतर नावं सगळ्यांचीच विसरतात, मीपण बायकोला मेहुणीच्या नावाने हाक मारली होती (परिणाम सांगत नाही). मन खंबीर करा, सकाळी अनुलोम-विलोम आणि कुंभक, महिन्यात फरक पडेल. सतत आठवत बसलं की दुखणं वाढतं.

---

मिठाची_बाहुली | सोमवार, सकाळी ८.०५

राव, राहू दे. मी चार वर्षांपूर्वी एका धरणाच्या जलाशयात बोटीतून पडले होते. चाळीसेक सेकंद पाण्याखाली, दवाखान्यातसुद्धा राहावं लागलं नाही. मलाही एका काकांनी कुंभक सांगितलं. श्वास रोखून धरल्याबरोबर मी थेट त्या पाण्यात परत. सतरंजीवरून उठून गॅलरीत पळाले. ज्याचा श्वास कोंडला होता त्याला श्वास कोंडायला सांगायचं, याला काय म्हणावं?

अर्धा_कप, दार उघडं ठेवून आंघोळ, रात्री तीन, डिझेल, सगळं ओळखीचं आहे. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता बस यायची वेळ झाली.

---

डॉ_फुंकर | सोमवार, दुपारी २.४०

मी छातीविकारवाला. नेटवर निदान होत नाही हे आधीच सांगून टाकतो, पण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर देता येईल. मनाचे खेळ नाहीत. निदान सगळे नाहीत.

लोकांना वाटतं फुफ्फुसात बादलीभर पाणी शिरतं आणि थोडं कायमचं राहतं. तसं नसतं. वाचणाऱ्यांच्या फुफ्फुसात गेलेलं पाणी सहसा थोडं असतं आणि ते रक्तात शोषलंही जातं. नुकसान वेगळंच होतं. फुफ्फुसातले बारीक फुगे मिटू नयेत म्हणून आत साबणाच्या फेसासारखा एक थर असतो, सर्फॅक्टंट म्हणतात त्याला. पाणी, खारं असो वा गोडं, तो थर बिघडवतं. फुगे मिटतात, सुजतात, आत पाझरतं, रक्ताला प्राणवायू मिळेनासा होतो. तुमचे चार दिवस व्हेंटिलेटर म्हणजे बहुधा तेच. त्यातून वाचलेल्यांचं फुफ्फुस बहुतेक वेळा काही महिन्यांत चांगलं सावरतं, त्यामुळे तुमचा एक्सरे नॉर्मल आहे याचं मला आश्चर्य नाही.

आश्चर्य आहे ते पंपाचं. वर्षभरात दम्याच्या औषधाने काडीचा फरक नसेल तर तो दमा आहे का, हे आधी बघायला हवं. एक्सरेत सगळं दिसत नाही. स्पायरोमेट्री (नळीत जोरात फुंकून श्वास मोजायची तपासणी) झाली आहे का? कोणी तपासणीत नुसता आकडा नाही, आलेख पाहिला का?

आणखी एक. आयसीयूतून बाहेर पडलेल्या माणसाची कमजोरी, विसराळूपणा आणि भीती या तिन्हींना मिळून २०१२ च्या सुमारास एक नावच मिळालं, 'पोस्ट इन्टेन्सिव्ह केअर सिंड्रोम'. टोरोंटोला फुफ्फुसाच्या अशा तीव्र आजारातून उठलेल्या १०९ जणांचा पाच वर्षं पाठपुरावा केला होता. फुफ्फुसं जवळपास पूर्ववत होती, तरी सहा मिनिटांत जेवढं चालायला हवं त्याच्या ७६ टक्केच अंतर ते चालत होते. हे बुडालेले रुग्ण नव्हते, पण रस्ता तोच. 'पूर्ण बरे' लिहिणाऱ्या डॉक्टरला दोष नको, त्याने अकराव्या दिवसापर्यंतचंच पाहिलं.

पोहता येत होतं म्हणालात, आणि दोरी-बोट हे कारण उघड आहे. नाहीतर चांगला पोहणारा विनाकारण बुडाला की आम्ही ईसीजी काढून घेतो, कारण हृदयाच्या ठोक्याचा एक आनुवंशिक दोष पोहतानाच उचल खातो. फिट येऊन गेली का, हेही विचारतो. तुमचं तसं वाटत नाही.

---

नाखवा_नसलेला | सोमवार, दुपारी ३.११

माहितीपूर्ण. वाचनखूण साठवली.

---

खाडीपलीकडचा | सोमवार, संध्याकाळी ७.३०

आमचं गाव अलिबागकडचं. अर्धा_कप, तुम्हाला नर्सबाई भेटल्या हे खरंच नशीब. आमच्याकडे अजूनही बुडालेला माणूस काढला की पहिलं काम म्हणजे त्याला पालथा घागरीवर घालून पोट दाबणं. नाहीतर पाय धरून गरागरा फिरवणं. पोटातलं पाणी बाहेर येतं, लोकांना वाटतं काम झालं. ते पाणी पोटातलं. फुफ्फुसाचा संबंध नाही, उलटीच घशात जाते आणि मोलाची मिनिटं वाया. दोन वर्षांपूर्वी बंदरावर जीवरक्षकाचं प्रशिक्षण झालं, तिथे शिकवलं की बुडालेल्याला आधी श्वास द्या. पाच श्वास, मग छाती दाबायची. कारण त्याचं हृदय हवेअभावी थांबलेलं असतं. एरवी हार्ट अटॅकवाल्याला लोक नुसती छाती दाबतात, इथे ते पुरत नाही. डॉक्टरसाहेब चूक असेल तर सांगा.

दुसरं सांगायचंय ते आमच्या आळीतल्या आजोबांचं. १७ जुलै १९४७ ची 'रामदास' बोट सगळ्यांना माहीत असेल. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. हे आजोबा त्यातून वाचलेले. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते सत्तरीचे. आयुष्यभर ते खोलीत झोपले नाहीत. पडवीत भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. आषाढ लागला की जेवण कमी. गाव म्हणायचं, पाण्याची बाधा झाली. दोनदा भगत आणला. कोणी त्यांना विचारलं नाही की बाबा, त्या दिवशी काय झालं? मीही नाही. आम्ही पोरं त्यांच्या झोपेची नक्कल करायचो.

---

डॉ_फुंकर | सोमवार, संध्याकाळी ७.५५

बरोबर शिकवलं आहे. घागर आणि गरगर दोन्ही बंद.

---

टिंबटिंब | सोमवार, रात्री ९.०२

डॉक्टर, 'ड्राय ड्राउनिंग' आणि 'सेकंडरी ड्राउनिंग' काय असतं? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय की पोहून आलेलं मूल आठवड्याने झोपेतच जाऊ शकतं. माझा मुलगा काल तलावात गटांगळी खाऊन आला, बायको रात्रभर त्याच्या उशाशी बसली होती.

---

डॉ_फुंकर | सोमवार, रात्री ९.४८

ते फॉरवर्ड पुसून टाका. २००२ साली ॲमस्टरडॅमला जागतिक परिषद झाली, तिथे हे सगळे शब्द मोडीत काढायचं ठरलं. बुडणं म्हणजे पाण्यामुळे श्वासाला अडथळा येण्याची क्रिया, एवढीच व्याख्या. तिचा शेवट तीनपैकी एक: माणूस दगावतो, वाचतो पण काही इजा राहते, किंवा वाचतो आणि काहीच राहत नाही. 'निअर ड्राउनिंग'सुद्धा आता शास्त्रात म्हणत नाहीत. त्यामागचा विचार मला पटतो. 'जवळजवळ बुडालो' म्हटलं की दुसऱ्या गटातल्या माणसाला, म्हणजे या धाग्याच्या मालकाला, जागाच उरत नाही.

मुलाचं: गटांगळीनंतर खोकला थांबला, खेळतोय, खातोय, तर काही नाही. खोकला वाढला, श्वास जोरात चालला, मूल मलूल झालं, फेस आला, तर ते काही तासांतच दिसतं आणि तेव्हा लगेच दवाखाना. म्हणूनच आम्ही असे रुग्ण सहा-आठ तास नजरेखाली ठेवतो. आठवडाभर ठणठणीत आणि मग अचानक, असं होत नाही.

जंतुसंसर्ग मात्र उशिरा डोकं काढू शकतो. खाडीच्या, चिखलाच्या पाण्यात बुडलेल्याला पुढच्या काही आठवड्यांत ताप-खोकला आला तर डॉक्टरला 'मी बुडालो होतो' हे आवर्जून सांगा. पश्चिम किनाऱ्यावर मेलिऑइडोसिस आहे, टीबीसारखा दिसतो आणि टीबी समजून महिनोन् महिने औषधं दिली जातात. लेप्टो तर पावसाळ्यात सगळ्यांना माहीत आहे.

---

मिठाची_बाहुली | सोमवार, रात्री ११.१५

आले. सकाळचं अर्धं राहिलं होतं ते पूर्ण करते.

माझी फुफ्फुसं, मेंदू सगळं ठीक होतं, आणि तेच त्रासाचं झालं, कारण दाखवायला काहीच नव्हतं. पहिले दोन महिने मी गप्पा मारत गोष्ट सांगायचे, हसायचे. तिसऱ्या महिन्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी ओट्याखाली बसले. मग लिफ्ट बंद. मग पाऊस. आधी बोट, मग पाणी, मग पाण्याचा आवाज, मग बंद दार, असं वर्तुळ मोठं होत गेलं. टाळलं की त्या दिवशी बरं वाटतं, म्हणून माणूस टाळत जातो.

शेवटी एका मानसतज्ज्ञ बाईंकडे गेले. घटनेला महिना उलटूनही हे चालू असेल तर त्याला पीटीएसडी म्हणतात, आघातानंतर मनात राहून जाणारा ताणाचा आजार. माझ्यावर ईएमडीआर नावाचा उपचार केला. प्रसंग मनात आणायचा आणि त्याच वेळी बाईंच्या हलत्या बोटांकडे डोळ्यांनी बघत राहायचं. मला शुद्ध थोतांड वाटलं होतं. पण २०१३ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत तो आहे. नऊ बैठका झाल्या. प्रसंग पुसला गेला नाही, पण तो आता मागे आहे. आधी तो समोर होता.

फी परवडत नसेल किंवा आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी स्वतः रात्री तीनला लावलाय.

---

रोखठोक_राव | मंगळवार, सकाळी ६.३५

बरं. माझा हेतू चांगला होता. कुंभक मागे घेतो. अनुलोम-विलोमवर ठाम.

---

डुलुथकर | मंगळवार, सकाळी ९.१०

मिनेसोटात राहतो, सुपीरिअर तलावाच्या काठाला. इकडे सतत ऐकू येणारी गोष्ट म्हणजे थंड पाण्यात माणूस तासाभरानेसुद्धा परत येतो. १९९९ साली नॉर्वेत एक तरुण डॉक्टर स्की करताना ओढ्याच्या बर्फाखाली अडकली होती, ८० मिनिटं. शरीराचं तापमान १३.७ अंशांवर गेलेलं. वाचली, पुढे ज्या हॉस्पिटलने वाचवलं तिथेच रेडिओलॉजिस्ट झाली. हातांच्या नसांचा त्रास मात्र मागे राहिला. मग आपल्याकडे दोन-पाच मिनिटांत मेंदूला इजा कशी?

---

गोधडी | मंगळवार, सकाळी ११.२५

डुलुथकर, तिकडे मेंदू आधी गार झाला, मग हृदय थांबलं. गार मेंदूला प्राणवायू कमी लागतो. तिला बर्फाखाली हवेचा कप्पाही सापडला होता म्हणतात. आपल्या कोकणातलं पाणी नोव्हेंबरात पंचविशीच्या वर असतं, अंगाला कोमट लागेल असं. तिथे अशी कुठलीच सवलत नाही. मी डॉक्टर नाही. माझ्या भावाला सहा वर्षांपूर्वी विजेच्या धक्क्याने हृदय थांबून असंच झालं. कारण वेगळं, मेंदूची उपासमार तीच. म्हणून हे सगळं नाइलाजाने शिकले.

अर्धा_कप, तुमचं कपाचं वाक्य मी तीनदा वाचलं. हात मांडीवर असला की काही नाही, कप उचलला की झटका. माझ्या भावाचं अगदी हेच. याला लान्स-ॲडम्स म्हणतात. १९६३ साली लान्स आणि ॲडम्स या दोन डॉक्टरांनी वर्णन केलं, हृदय थांबून परत सुरू झालेल्या माणसांत. कंपवात नव्हे, अशक्तपणा नव्हे, 'नर्व्हस' तर नव्हेच. काम करायला गेलं की स्नायूला झटका बसतो. फिटसाठी असतात त्यातल्याच काही गोळ्यांनी बराच आवरतो. न्यूरोलॉजिस्टला नुसतं 'हात थरथरतो' सांगू नका. खिशात कपबशी घेऊन जा म्हटलं तरी चालेल, त्यांच्यासमोर पाणी ओतून उचलून दाखवा. आम्ही तेच केलं. आणि गाडी चालवण्याबद्दल स्पष्ट विचारा. भावाने आठ महिने चालवली नाही.

आकडे गळण्याबद्दल. स्मृती ठेवणारा मेंदूचा भाग प्राणवायूच्या बाबतीत सगळ्यात नाजूक. एमआरआय म्हणजे घराचा फोटो. दिव्याचं बटण चालतं का हे फोटोत दिसत नाही. त्यासाठी न्यूरोसायकॉलॉजीची चाचणी असते, दोन-तीन तास बसवून शब्द, आकडे, चित्रं, घड्याळ लावून. आमची बेंगळुरूला निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या सरकारी हॉस्पिटलात झाली, पुण्या-मुंबईतही होते. त्या कागदाचा फायदा असा की ऑफिसला दाखवता येतो. नाहीतर 'तो पूर्वीसारखं लक्ष देत नाही' एवढंच राहतं.

एक कडू गोष्टही सांगते. पहिल्या वर्षात जेवढं भरून येतं तेवढं नंतर येत नाही. भाऊ पुन्हा मोबाइल दुरुस्त करायला बसला, पण दिवसाला चार, आधी दहा करायचा. वहीत लिहून. वही हरवली तर दिवस गेला.

---

वाचनमात्र | बुधवार, रात्री १.०७

नऊ वर्षं या संकेतस्थळावर आहे. कधी प्रतिसाद दिला नाही, आयडीच तसा घेतला. दुपारी धागा उघडला आणि अर्ध्या कपाशी आले तेव्हा कळलं. धागालेखक माझा नवरा आहे. तो आत झोपलाय. उठेल तीनला.

तुला समोर सांगता येत नाही ते इथे लिहिते.

बोट उलटली तेव्हा लेकीची वेणी माझ्या मुठीत होती. मी तीच धरून ठेवली, इतकी की नंतर तिच्या टाळूवर रक्त आलं होतं. उलट्या बोटीच्या कडेला आम्ही दोघी लोंबकळत होतो. मी मागे वळून पाहिलं नाही. तू कुठे आहेस हा विचारसुद्धा डोक्यात आला नाही. एकदाही नाही. बोटवाल्याच्या पुतण्याने "दादा कुठाय?" विचारलं, तेव्हा मला आठवलं की आपण तिघं होतो. ते जे काही दोन-पाच मिनिटांचं गणित सगळे करतात, त्यातली पहिली किती मिनिटं माझी आहेत ते मला माहीत आहे.

मला काहीच झालं नाही. एक रात्र सलाइन. त्यामुळे मला कोणी कधी काही विचारलं नाही. तू चिडतोस, पट्कन डोळ्यांत पाणी येतं तुझ्या, पूर्वी असा नव्हतास, तेव्हा मला वाटतं तुला ठाऊक आहे.

डॉक्टरांना एक विचारायचं आहे. तो जिना चढतो तेव्हा घशातून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. श्वास आत घेताना. त्याला ऐकू येत नाही, मी मागून पिशव्या घेऊन येते म्हणून मला येतो. घरी आल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी सुरू झाला.

---

मिठाची_बाहुली | बुधवार, सकाळी ७.५०

ताई, आठ वर्षांचं मूल हातात असताना कुठलीच आई मागे वळली नसती. पण हे मी सांगून तुम्हाला पटणार नाही, मलाही असलं काही कोणी सांगून पटलं नव्हतं. तो १४४१६ फक्त त्यांच्यासाठी नव्हता. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

---

डॉ_फुंकर | बुधवार, सकाळी ८.१५

वाचनमात्र, तुमचा शेवटचा परिच्छेद हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा. दम्याची शिट्टी छातीतून येते आणि सहसा श्वास सोडताना. घशातून, श्वास घेताना येत असेल, आणि व्हेंटिलेटरची नळी निघाल्यावर काही आठवड्यांनी सुरू झाली असेल, तर श्वासनळी पाहायलाच हवी. नळीचा फुगा जिथे टेकतो तिथे जखम होते, भरताना व्रण आकसतो आणि वाट अरुंद होते. चार दिवसांच्या नळीनेही होऊ शकतं. पंप कितीही ओढा, व्रण सुटत नाही. स्पायरोमेट्रीच्या आलेखात टोकाऐवजी पठार दिसतं, म्हणून परवा आलेखाचं विचारलं. या आठवड्यात दुर्बिणीची तपासणी करून घ्या. बसल्या जागी आवाज यायला लागला तर आठवडाही थांबू नका, थेट कॅज्युअल्टी.

बाकीच्या भागावर मी बोलणं बरोबर नाही. पण तुम्हीही त्या बोटीत होतात.

---

अर्धा_कप | बुधवार, रात्री ८.३०

वाचलं. दोघं बोललो. इथे जास्त लिहीत नाही. एवढंच की मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झाल्यावर राग शोधून पाहिला, सापडला नाही. मला तर वर्षभर वाटत होतं की ती माझ्यावर चिडली आहे, बक्कल न लावल्याबद्दल.

---

सदाफुली | बुधवार, रात्री ८.४१

डोळे भरून आले.

---

अर्धा_कप | सात आठवड्यांनंतर, शनिवार, संध्याकाळी ५.१५

धागा वर आणतोय, बऱ्याच जणांनी व्यनित विचारलं म्हणून.

श्वासनळी निम्म्याहून जास्त आकसलेली निघाली. फुग्याने रुंद केली. दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलचा जिना चढून पाहिला, ही मागे कान देऊन. शिट्टी नाही. परत आकसू शकते म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण. पंप बंद. वर्षभराच्या पंपांचे पैसे मोजायचे नाहीत असं ठरवलंय.

न्यूरोलॉजिस्टकडे कपबशी नेली. तिथल्या सिस्टर हसल्या, डॉक्टर हसले नाहीत. गोधडीताई, तुमचं बरोबर निघालं. गोळी सुरू आहे, सुरुवातीला झोप फार यायची. आता पाऊण कप जातो. त्याहून जास्त भरला की पुन्हा बशी वाजते.

चाचणी अडीच तास चालली. पंधरा शब्दांची यादी वाचून दाखवतात, मग मध्ये भलतंच काहीतरी करायला लावतात, मग विचारतात. मला चार आठवले. पाचवा म्हणून मी जो सांगितला तो यादीत नव्हताच, 'नांगर'. तपासणाऱ्या मुलीने काही न बोलता लिहून घेतला. भाषा, समज उत्तम. ताजं लक्षात ठेवणं आणि कामाचा वेग वयाच्या मानाने बराच कमी. कागद साहेबांना दाखवला. अंतिम पडताळणी माझ्याकडून काढली, पगार तोच ठेवला. पडताळणी काढल्याचं वाईट वाटलं, ते खोटं कशाला सांगू. अठरा वर्षं करत होतो.

तीनची जाग अजून आहे. ईएमडीआरच्या दोन बैठका झाल्यात. ही वेगळ्या बाईंकडे जाते, वेगळ्या वारी. तिचं ती सांगेल, सांगायचं असेल तर.

---

खाडीपलीकडचा | शनिवार, संध्याकाळी ६.०२

वा! पुन्हा कधी बोटीत बसलात का? आमच्याकडे या, धक्क्यावर नुसतं बसू.

---

अर्धा_कप | शनिवार, रात्री ९.२०

नाही बसलो. तूर्त विचारही नाही. धक्क्यावरचं बघू.

लेकीला मात्र पोहायला घातलंय, सोम-बुध-शुक्र. आत ही बसते. मी बाहेर स्कूटरवर. क्लोरीनचा वास येतो तिथपर्यंत, तो चालतो. डिझेलचा नाही चालत.